व्याकरण स्वतःच्या नावानं, धर्मविचार टोपणनावानं : तर्खडच्या दादोबांची अर्धी राहिलेली गोष्ट

वसई म्हटलं की किल्ला आठवतो, चिमाजी अप्पा आठवतात, सुकेळी आठवतात. पण शाळेत ज्या विषयानं आपल्याला घाम फोडला, त्या मराठी व्याकरणाची एक वाट वसईतूनच जाते, हे फारसं कुणाला माहीत नसतं.

वसईजवळ तर्खड नावाचं गाव आहे. या गावावरून एका घराण्याला तर्खडकर हे आडनाव मिळालं. दादोबा पांडुरंग तर्खडकर याच घराण्यातले. मराठीचे पाणिनी म्हणून ओळखले जाणारे ते हेच. मराठीत सुरुवातीच्या काळात ज्यांनी आत्मचरित्र लिहिलं, त्यांच्यातही त्यांचं नाव घेतलं जातं.

गंमत अशी की आयुष्यातला सगळ्यात धोक्याचा उद्योग त्यांनी जिथून केला, नेमकं तिथंच हे आत्मचरित्र थांबतं.

बाविसाव्या वर्षी व्याकरण

कुटुंब मूळचं तर्खडचं असलं तरी दादोबांचा जन्म मुंबईतला, 9 मे 1814 चा. आईचं नाव यशोदा, वडिलांचं पांडुरंग. त्यांच्या जन्माआधी चारच वर्षं मागं जाऊन पाहिलं तर पुण्यात पेशवाई चालू होती, आणि ते चार वर्षांचे झाले तोवर ती संपली होती. मुंबईत इंग्रजी शाळा सुरू होत होत्या. जुनी पंतोजींची शाळा आणि नवी इंग्रजी शाळा, दोन्हींच्या मधल्या काळात ही पिढी वाढली. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर याच पिढीतले.

आता प्रश्न असा होता की नव्या शाळांमध्ये मराठी शिकवायची कशी? संस्कृतचं व्याकरण होतं, इंग्रजीचं होतं. मराठीचं विल्यम कॅरे यांनी 1805 मध्ये लिहिलं होतं, पण ते इंग्रजीत. शाळेतल्या पोरांच्या हाती मराठीतच लिहिलेलं, नीट मांडलेलं पुस्तक हवं होतं.

1836 मध्ये दादोबांचं 'महाराष्ट्र भाषेचें व्याकरण' छापून आलं. तेव्हा त्यांचं वय होतं 22.

मांडणीसाठी त्यांनी लिंडले मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाचा आधार घेतला आणि जोडीला संस्कृत व्याकरणाची परंपरा घेतली. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद अशा शब्दांच्या जाती आजही मुलं पाठ करतात. ही मांडणी मराठीत रुजवण्यात दादोबांच्या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. मराठीला इंग्रजीच्या साच्यात बसवलं अशी टीका पुढच्या व्याकरणकारांनी केली, आणि त्यात तथ्यही होतं. पण टीका करायलासुद्धा आधी समोर पुस्तक लागतं. ते दादोबांनी दिलं.

दादोबा मात्र यावर थांबले नाहीत. पुस्तकाच्या पुढच्या आवृत्त्यांत ते सुधारणा करत राहिले आणि 1865 मध्ये शाळांसाठी त्यांनी लघु व्याकरणही काढलं. त्याच वर्षी मोरोपंतांच्या 'केकावली'वरची त्यांची टीका प्रसिद्ध झाली. तिचं नाव 'यशोदा पांडुरंगी'. आई आणि वडील दोघांचीही नावं त्यांनी पुस्तकाला दिली.

सुरतेतले पाच 'द'

दादोबांची नोकरी फिरतीची होती. काही काळ ते जावऱ्याच्या नवाबाचे शिक्षक होते. पुढं ते सुरतेच्या इंग्रजी शाळेत गेले आणि तिथं त्यांना दुर्गाराम मेहताजी भेटले.

दुर्गाराम हे गुजराती शिक्षक. भूत उतरवणारे, मंत्र टाकणारे यांना भर सभेत आव्हान द्यायचं धाडस त्यांच्यात होतं. दादोबा, दुर्गाराम, दलपतराम, दिनमणीशंकर आणि दामोदरदास अशा पाच जणांची जोडी जमली. पाचही नावं 'द'वरून सुरू होणारी. 22 जून 1844 रोजी सुरतेत मानवधर्म सभा स्थापन झाली. देव एक आहे, माणसांची जात एक आहे, आणि जे बुद्धीला पटत नाही ते केवळ जुनं आहे म्हणून मानायचं नाही, असा हा विचार होता.

त्याआधीच, 1843 मध्ये, दादोबांनी 'धर्मविवेचन' लिहून ठेवलं होतं. खरा धर्म म्हणजे प्रेम आणि नीती, प्रत्येकाला विचाराचं स्वातंत्र्य हवं, शिक्षण सगळ्यांना मिळायला हवं, असे मुद्दे त्यात होते. पण ते त्यांनी लगेच छापलं नाही. छापून आलं 1868 मध्ये, म्हणजे तब्बल 25 वर्षांनी. तेही दादोबा पांडुरंग या नावानं नाही. लेखकाच्या जागी होतं 'एक जगद्वासी आर्य'.

एवढी भीती कशाची?

आज एखादं मत टाकलं तर फार तर ट्रोलिंग होतं. तेव्हा माणूस वाळीत पडायचा. वाळीत पडणं म्हणजे घरी जेवायला कुणी येणार नाही, मुलामुलींची लग्नं जमणार नाहीत, घरात मयत झालं तर खांदा द्यायला माणूस मिळणार नाही.

याचं उदाहरण डोळ्यांसमोर होतं. 1843 च्या सुमारास श्रीपत शेषाद्री या लहान मुलाचं प्रकरण मुंबईत गाजलं. त्याचा मोठा भाऊ ख्रिस्ती झाला होता आणि हा मुलगा त्याच्यासोबत मिशनऱ्यांकडे राहिला होता. कोर्टानं त्याला वडिलांकडे परत दिलं. प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत घ्यावं, अशी भूमिका बाळशास्त्री जांभेकरांनी घेतली. त्यावरून शहरात दोन तट पडले आणि मुलाची बाजू घेणाऱ्यांवरही बहिष्काराची वेळ आली. एका लहान मुलाला घरात परत घेण्यावरून एवढं रण पेटत असेल, तर जातच नको म्हणणाऱ्याचं काय झालं असतं?

दार बंद करून भरणारी सभा

1846 मध्ये दादोबा सुरत सोडून मुंबईत परतले. शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल क्लासची जबाबदारी त्यांच्याकडे आली. 1849 च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा सुरू झाली आणि तिचे मार्गदर्शक होते दादोबा.

सुरतेची सभा उघड होती, मुंबईची मात्र गुप्त. सभासद व्हायचं तर जातीचं बंधन तिथल्या तिथं मोडून दाखवावं लागे. परधर्मीयानं भाजलेला पाव खायचा, जातीबाहेरच्याच्या हातचं पाणी प्यायचं. आज कोपऱ्यावरच्या वडापावला कुणी असा प्रश्न विचारत नाही, पण त्या काळात पावाचा एक तुकडा माणसाला जातीबाहेर काढायला पुरेसा होता.

सभासदांचा हिशेब साधा होता. संख्या वाढली की एक दिवस उघड जाहीर करू. तो दिवस आलाच नाही. 1860 च्या सुमारास सभासदांची नावं असलेली कागदपत्रं चोरीला गेली. नावं बाहेर फुटणार या धास्तीनं मंडळी पांगली आणि सभा बंद पडली.

दादोबा तोवर सरकारी नोकरीत वर चढले होते. 1852 मध्ये ते अहमदनगरला डेप्युटी कलेक्टर झाले. भिल्लांचं बंड मोडण्यात केलेल्या कामगिरीबद्दल सरकारनं त्यांना रावबहादूर केलं. माणसांची जात एक म्हणणाऱ्या दादोबांच्या आयुष्यातली ही बाजूही झाकून ठेवण्यासारखी नाही.

त्यांचा धाकटा भाऊ भास्कर याची वाट वेगळी होती. त्यानं 1841 मध्ये 'बॉम्बे गॅझेट'मध्ये पत्रं लिहून कंपनी सरकारच्या लुटीवर कोरडे ओढले. तीही टोपणनावानं, 'एक हिंदू' म्हणून. एकाच घरात दोन भाऊ, एक धर्मावर लिहितो, एक सरकारवर, आणि दोघांनाही नाव लपवावं लागतं.

तिसरा भाऊ आणि उघडं दार

हे दार शेवटी उघडलं ते घरातच. दादोबांचे आणखी एक धाकटे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग. 31 मार्च 1867 रोजी त्यांच्याच घरी प्रार्थना समाजाची स्थापना झाली, आणि यावेळी काहीच गुप्त नव्हतं. पुढं न्यायमूर्ती रानडे आणि रा. गो. भांडारकर या समाजात आले. पुढच्याच वर्षी दादोबांनी 25 वर्षं ठेवून दिलेलं 'धर्मविवेचन' बाहेर काढलं. टोपणनाव मात्र त्यांनी तेव्हाही सोडलं नाही.

17 ऑक्टोबर 1882 रोजी दादोबा गेले. मागं राहिलं अपूर्ण आत्मचरित्र. ते येतं साधारण 1846-47 पर्यंत, म्हणजे परमहंस सभेच्या उंबरठ्यापर्यंत. सभेच्या आतलं काही वाचायचं तर पुढच्या पिढीतल्या बाबा पदमनजींच्या 'अरुणोदय' या आत्मचरित्राकडे जावं लागतं. बाबा सभेत होते आणि नंतर ख्रिस्ती झाले. जातीबाहेर गेल्यावर त्यांना लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दादोबांचं आत्मचरित्र पुस्तकरूपात आलं 1947 मध्ये. संशोधक अ. का. प्रियोळकरांनी ते संपादित केलं आणि उरलेल्या आयुष्याचं चरित्र स्वतः लिहून जोडलं. देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी दादोबांची गोष्ट पूर्ण झाली, तीही दुसऱ्याच्या हातून.

शब्द कसा चालवावा हे दादोबांनी महाराष्ट्राला स्वतःच्या नावानं शिकवलं. मनातलं बोलायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांना नाव बदलावं लागलं. आज तर्खड वसई-विरारच्या गर्दीतलं एक नाव आहे. पुढच्या वेळी पोराचं व्याकरणाचं पुस्तक हातात आलं, तर त्या गावाची आठवण काढायला हरकत नाही.