सोलापूरचे डॉ. कोटणीस आणि युद्धातील निरपराध

सोलापूर शहरात डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे स्मारक आहे. आमच्या श्रीपूरहून दवाखान्याच्या वा कचेरीच्या कामासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जाणाऱ्यांपैकी फार थोडे तेथे थांबत असतील. युद्धाच्या बातम्या रोज घराघरांत पोहोचत असताना या चरित्राची आठवण मुलांना करून देणे अगत्याचे आहे.

डॉ. कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले. १९३७ साली जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नानकिंग शहर पडले आणि हाती शस्त्र नसलेल्या असंख्य नागरिकांची कत्तल झाली. चिनी सेनानी जू दे यांच्या विनंतीवरून भारतीय काँग्रेसने १९३८ साली अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस या पाच डॉक्टरांचे पथक चीनला धाडले. कोटणीस तेव्हा अवघे सत्तावीस वर्षांचे होते.

मोहिमेवर असतानाच वडिलांच्या निधनाची वार्ता आली. तरी ते माघारी फिरले नाहीत. ते चिनी भाषा शिकले. डोंगराळ मुलखात, अपुऱ्या औषधांनिशी, दिवसरात्र शस्त्रक्रिया करीत राहिले. जखमींची सेवा करताना मरण पावलेले कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा १९४१ साली त्यांच्याकडे आली. तेथील परिचारिका गुओ छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मुलाचे नाव यिनहुआ ठेवले. त्यात भारत आणि चीन ही दोन्ही नावे सामावली आहेत. मूल काही महिन्यांचे असतानाच, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस यांचा मृत्यू झाला. वय बत्तीस. सोबतचे चौघे पुढे मायदेशी परतले, हे मात्र परतले नाहीत.

ज्यांच्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले, ते ना त्यांच्या धर्माचे होते, ना भाषेचे, ना देशाचे. जखमी सैनिक आणि वैद्यकीय सेवकांना संरक्षण देणारा जिनिव्हा करार १८६४ पासून होता; परंतु युद्धात सापडलेल्या सामान्य नागरिकांसाठीचा स्वतंत्र करार, म्हणजे चौथा जिनिव्हा करार, १९४९ साली झाला. कोटणीस तोवर सात वर्षांपूर्वीच गेले होते. नागरिकांच्या रुग्णालयांवर हल्ला करू नये, शत्रूच्या ताब्यातील नागरिकांना मारू वा छळू नये, त्यांना ओलीस ठेवू नये, असे तो करार बजावतो. भारताने चारही करार स्वीकारले असून १९६० साली त्यांसाठी कायदाही केला.

मुस्लिम वाचकाला हे नियम परके वाटू नयेत. एका लढाईत स्त्री मारली गेल्याचे दिसताच प्रेषित मुहम्मद (स.) यांनी नापसंती व्यक्त केली आणि स्त्रिया व मुलांना मारण्यास मनाई केली. शाम देशाकडे सैन्य पाठविताना माननीय अबू बक्र (रजि.) यांनी स्त्रिया, बालके आणि वृद्ध यांना मारू नका, मठांतील साधकांना त्रास देऊ नका, फळझाडे तोडू नका, अशी ताकीद दिली. सूरह बकराच्या १९०व्या आयतीत लढणाऱ्यांशी लढतानाही मर्यादा ओलांडण्यास मनाई आहे. सूरह माइदाच्या ३२व्या आयतीत एक जीव वाचविण्याची थोरवी साऱ्या मानवजातीला वाचविण्याइतकी सांगितली आहे.

म्हणून स्वतःला एक प्रश्न विचारावा लागेल. दूरच्या युद्धात मेलेल्या मुलाचे नाव आपल्यासारखे असेल तरच आपले डोळे ओले होतात काय? तसे असेल तर आपण नबींची (स.) शिकवण अर्धीच स्वीकारली आहे. आपल्यावर अन्याय झाला म्हणून दुसऱ्या बाजूच्या निरपराधाचे रक्त हलाल होत नाही.

पुढच्या वेळी सोलापूरला जाल तेव्हा मुलांना घेऊन त्या स्मारकापाशी थोडे थांबा. अल्लाह आपणा सर्वांना प्रत्येक जिवाची किंमत ओळखण्याची सुबुद्धी देवो. आमीन.