किंग हेन्री रोडवरचे दहा नंबरचे घर

फणसवाडीतून चर्नी रोडच्या बागेपर्यंत पायी जायला फार तर पंधरा मिनिटे लागतात. परीक्षेच्या दिवसांत आमच्या चाळीतल्या खोलीत अभ्यासाला जागा नसते. मी जिन्यात बसते, आणि तेथे वर्दळ वाढली की बागेकडे जाते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याच बागेत शाळा सुटल्यावर एक मुलगा पुस्तक घेऊन बसत असे. विल्सन हायस्कूलमधले शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांचे त्याच्याकडे लक्ष गेले. तो मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर.

महाडचा सत्याग्रह, राज्यघटना, नागपूरची धम्मदीक्षा हे आपल्या सर्वांना शाळेपासून पाठ आहे. या वेळी चरित्र वाचताना मी मात्र निराळेच पाहत गेले : या माणसाला राहायला जागा कोठे मिळाली, आणि कोठे मिळाली नाही.

परळला सगळ्या कुटुंबाला एकच खोली होती. चूल, सरपण, जाते, माणसे सारे तीतच. रामजी सुभेदार मुलाला लवकर निजवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि मग त्याला अभ्यासाला उठवीत. १९०७ साली तो मॅट्रिक झाला. केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले आणि पुढे सयाजीराव महाराजांकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. १९१३ मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१६ मध्ये लंडनला.

शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली परत येऊन बडोद्यास नोकरीवर रुजू व्हावे लागले. एवढा शिकलेला माणूस, पण शहरात त्यांना कोणी खोली देईना. शेवटी पारशी नाव लावून ते पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी लोक काठ्या घेऊन आले व त्यांना बाहेर काढले. एका हिंदू मित्राने नोकरांचे कारण सांगितले, एका ख्रिस्ती मित्राने पत्नीचे. बाबासाहेब सामान घेऊन सार्वजनिक बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस निघाले. हे प्रकरण वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते.

पुढे सिडनहॅम कॉलेजातील पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेऊन १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात वाचन, पोटात अर्धवट अन्न, रात्री भूक लागली तर पापड. १९२१-२२ मध्ये ते किंग हेन्री रोडवरच्या १० नंबरच्या घरात राहत होते. राणी व्हिक्टोरियाच्या काळात उभ्या राहिलेल्या घरांपैकी ते एक.

परत आल्यावर पुन्हा परळच. बी. आय. टी. चाळीत दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ नंबरच्या खोल्या. १९३४ मध्ये ते दादरच्या हिंदू कॉलनीत स्वतः बांधलेल्या 'राजगृहा'त गेले, तेही मुख्यतः ग्रंथांना जागा हवी म्हणून. रमाबाईंना ते घर जेमतेम वर्षभर लाभले. २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. बाबासाहेबांचे निधन ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत झाले.

लंडनचे ते घर विक्रीस निघाल्याचे तेथील आंबेडकरी मंडळींनी आपल्या सरकारला कळवले. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते तीस लाखांहून अधिक पौंडांना विकत घेतले, डागडुजी केली व तेथे स्मारक केले. आकडा वाचून मला प्रथम राग आला, हे कबूल करते. आमच्या चाळीला टेकू लावलेले आहेत आणि दुरुस्तीचे पैसे कोणी काढायचे यात वर्षे जातात. एवढ्या पैशांत मुलींची किती वसतिगृहे झाली असती!

पण पुढची हकीकत वाचली आणि राग निराळ्या दिशेला वळला. शेजारच्या काही रहिवाशांनी तक्रार केली. २०१८ मध्ये कॅमडेन कौन्सिलने संग्रहालयास परवानगी नाकारली. कारण दिले की, यामुळे लोकांच्या राहण्याची जागा कमी होते. चाळीत राहणाऱ्या मला हे कारण खोटे म्हणवत नाही. तरीही बडोद्याची धर्मशाळा आठवल्याशिवाय राहिली नाही. शासनाने अपील केले, २०१९ मध्ये सुनावणी झाली आणि मार्च २०२० मध्ये परवानगी मिळाली. घर आहे तेथेच राहिले.

— द्वितीय वर्ष, कला