गोमंतकाचा मनोवेत्ता : आबे फारिया

पेडणे किंवा डिचोलीहून पणजीला जाणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी मांडवीकाठचा, जुन्या सचिवालयाशेजारचा तो पुतळा पाहिला असेल. लांब झगा घातलेला एक पाद्री हात पसरून उभा आहे आणि त्याच्यापुढे एक स्त्री झोपेत कोसळते आहे. लहानपणी मला वाटे, हा कोणी मांत्रिक असावा. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी १९४५ साली घडविलेला हा पुतळा आबे फारिया यांचा आहे. नवल हे, की हातांत जादू नसते हेच सांगण्यासाठी या पुरुषाने अवहेलना सोसली.

जोझे कुस्तोदियो द फारिया यांचा जन्म मे १७५६ मध्ये बार्देशातील कांदोळी गावी झाला. वडील कोलवाळचे, म्हणजे पेडण्याहून नदी ओलांडली की लागणाऱ्या गावचे. पुढे आईवडील विभक्त झाले. वडील पाद्री झाले, तर आई मठात संन्यासिनी झाली. १७७१ साली वडील आपल्या पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन लिस्बनला गेले. रोममध्ये धर्मशास्त्र शिकून १७८० साली जोझेही पाद्री झाले.

एक आख्यायिका सांगतात. राणीसमोर प्रवचनास उभे राहताच तरुण फारियांची वाचा बसली. तेव्हा वडिलांनी कोकणीतून हळूच सुचविले, की समोर बसली आहे ती सारी भाजी आहे असे समज आणि काप. भीती गेली, जीभ सुटली. कथा खरी असो वा नसो, एका सूचनेने मन कसे पालटते हाच पुढे त्यांच्या चिंतनाचा विषय झाला.

१७८७ च्या पिंटोंच्या बंडानंतर पितापुत्रांवर संशयाची छाया पडली. १७८८ साली फारिया पॅरिसला गेले. राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९५ च्या उठावात त्यांनी भाग घेतला, तर १८११ साली ते मार्सेय येथे तत्त्वज्ञानाचे अध्यापक झाले. १८१३ पासून त्यांनी पॅरिसमध्ये संमोहनाचे जाहीर प्रयोग सुरू केले.

त्या काळी मेस्मरच्या मताचा बोलबाला होता. उपचार करणाऱ्याच्या देहातून एक चुंबकीय प्रवाह निघून रोग्यात शिरतो, असे ते मत. फारियांनी हे नाकारले. ते माणसाला निवांत बसवीत, डोळे मिटून झोपेचा विचार करावयास सांगत आणि मग झोपण्याची आज्ञा देत. सर्वांनाच अशी झोप लागत नसे. त्यावरून त्यांनी अनुमान काढले, की शक्ती झोपविणाऱ्यात नसून झोपणाऱ्याच्याच मनात आहे.

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला वाटते, आपल्या हाती काही नाही असे स्वतःच सांगणाऱ्याचा बाजार बसणारच! प्रवाहवाद्यांना ते परके झाले, धर्ममार्तंडांनी त्यांना दोष दिला आणि १८१६ साली त्यांची टवाळी करणारे प्रहसनही रंगभूमीवर आले. २० सप्टेंबर १८१९ रोजी पॅरिसमध्ये दारिद्र्यात त्यांचा अंत झाला. त्यांचा ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला होता. पुढे नान्सी येथील लिएबो व बर्नहाइम या डॉक्टरांनी सूचनेच्या बळावर उपचारपद्धती उभी केली आणि फारियांचे श्रेय मान्य केले. त्याच नान्सीला १८८९ साली फ्रॉइडही शिकावयास गेला.

मित्रहो, आजही आपल्या गावांत कोणाचे मन बिघडले की दृष्ट काढतात, घाड्याकडे नेतात. मनोवैज्ञानिकाकडे जाणे मात्र वेडेपणाचा शिक्का वाटतो. दोन्हींच्या मुळाशी एकच समज आहे, की बरे करणारा कोणी दुसरा असतो. डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी १९९६ साली गोव्यात स्थापिलेल्या संगाथ या संस्थेने सामान्य माणसांना शिकवून आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून उभे केले. रुग्णांना त्याचा लाभ झाल्याचे अभ्यासातून दिसलेही. शक्ती जर वैद्याच्या हातांत असती, तर हे घडले असते का?

आपल्यापैकी कोणी मानसशास्त्राची वाट धरणार असेल, तर त्याने दिपून जाऊ नये आणि दुसऱ्यासही दिपवू नये. दुःखी माणसाला त्याचेच बळ दाखवून द्यावे. पुढच्या वेळी पणजीला गेलात की त्या पुतळ्याचे हात पाहून झाल्यावर समोरच्या स्त्रीकडेही जरूर पाहा. फारियांना जे सापडले, ते तिच्यापाशी होते.