बेळगावात सायकली विकणाऱ्या माणसाने कुंडलच्या माळरानावर कारखान्याचं गाव वसवलं

आज साताऱ्या-सांगलीच्या शिवारात किर्लोस्करचं इंजिन आणि पंप माहीत नाही असा शेतकरी सापडणं अवघड. पण या नावाची सुरुवात झाली ती सायकलच्या दुकानातून.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगावजवळच्या गुर्लहोसूरचा. त्यांना व्हायचं होतं चित्रकार. त्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले, पण डोळ्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत हे तिथे समजलं. मग त्यांनी रंग सोडले आणि यंत्रांची ड्रॉइंग काढायला घेतली. पुढे व्हीजेटीआयमध्ये ते हाच विषय शिकवू लागले.

१८८८ मध्ये बेळगावात किर्लोस्कर बंधूंचं सायकलचं दुकान सुरू झालं. बढतीत डावलल्यावर लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. तिथे कडबा कापायचं यंत्र तयार झालं. त्यानंतर आला लोखंडी नांगर.

लाकडी नांगर जमीन वरवर उकरायचा. लोखंडी नांगर खोल जाऊन माती उलटी करायचा. पण लोखंडाने जमिनीला विष चढतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकायलाच दोनेक वर्षं गेली.

नांगर कुठे खपायला लागला, तर नवंच संकट उभं राहिलं. शहराच्या वाढीसाठी बेळगाव नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी होती. यंत्रं घेऊन जायचं कुठे?

तेव्हा मदतीला आले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे. लक्ष्मणरावांनी पूर्वी औंधला बांधकामाचं काम केलेलं असल्याने बाळासाहेबांना हा माणूस माहीत होता. त्यांनी संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन दिली आणि वर कर्जही दिलं.

जमीन कसली, निवडुंगाचं आणि सापांचं माळरान! पण रेल्वे दाराशी होती. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे स्टेशनचं नावही तेच झालं.

पहिल्या महायुद्धात परदेशातून येणारा कच्चा माल अडला. भट्टीला कोक मिळेना, तेव्हा लोणारी कोळसा वापरला. ओतकामाला लोखंड नव्हतं, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर ओतले गेले.

कारखान्यात ऊस गाळायचे चरक बनले. पाठोपाठ १९२६ मध्ये सेंट्रिफ्युगल पंप आले. १९४६ मध्ये मुलगा शंतनुराव यांच्या पुढाकाराने किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. किर्लोस्करवाडीत आजही पंप बनतात.