पूर्वपक्षाचा मान

इ. स. १०३३ मध्ये आल्प्सच्या कुशीतील आओस्ता येथे जन्मलेले अन्सेल्म १०७८ मध्ये नॉर्मंडीतील बेक मठाचे अधिपती झाले. श्रद्धा अढळ असूनही ईश्वराचे अस्तित्व तर्कानेच सिद्ध व्हावे, या ध्यासापायी त्यांची अन्नावरची वासना उडाली होती. अखेर ‘प्रोस्लोगिऑन’ ग्रंथात त्यांनी युक्तिवाद मांडला. ज्याहून थोर काही कल्पिताच येत नाही, ते केवळ मनात असेल तर प्रत्यक्षात असणारे त्याहून थोर ठरेल. म्हणून ते प्रत्यक्षातही असलेच पाहिजे.

गॉनिलो नामक मठवासीयांनी आक्षेप घेतला: या न्यायाने सर्वोत्कृष्ट बेटही केवळ कल्पनेतून अस्तित्वात येईल! अन्सेल्मांनी आक्षेप दडपला नाही. उत्तर लिहिले आणि दोन्ही मूळ ग्रंथासोबतच उतरवून घ्यावीत, असे सांगितले.

१०९३ मध्ये ते कँटरबरीचे आर्चबिशप झाले. चर्चच्या अधिकारांसाठी दोन राजांशी झगडताना त्यांना दोनदा परागंदा व्हावे लागले. ११०९ मध्ये ते निवर्तले. तेराव्या शतकात खुद्द थॉमस अक्वायनस यांनी आणि १७८१ मध्ये कांटने तो युक्तिवाद अमान्य केला. सिद्धांत वादग्रस्त राहिला. परंतु स्वतःच्या ग्रंथात पूर्वपक्षाला मानाचे पान देणारी ती निर्भय वृत्ती मात्र निर्विवाद थोर होय.