चरित्र ओळख : क्रिकेटपटू बाळू पालवणकर



मुर्ध्याहून बसने भाईंदर स्टेशन गाठा, चर्चगेट लोकल पकडा आणि मरीन लाइन्सला उतरा. एका बाजूला रेल्वेचे रूळ, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधल्या पट्ट्यात ओळीने जिमखान्यांची मैदानं. रविवारी इथे बहुतेक वेळा सामना चालू असतो. तिकीटबिकीट काही नाही, फुटपाथवर कुंपणाला टेकून उभं राहायचं. गेल्या हिवाळ्यात मी माझ्या मुलाला घेऊन तशीच उभी होते. पाठीमागून खारा वारा आणि समोर पांढऱ्या कपड्यांतले खेळाडू. हा पी. जे. हिंदू जिमखाना, असं सांगून मी त्याला याच जिमखान्याकडून खेळलेल्या एका माणसाची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगते.

बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ साली धारवाडला झाला. त्यांचं कुटुंब चर्मकार समाजातलं. त्या काळी हा समाज अस्पृश्य मानला जायचा. वडील लष्कराच्या नोकरीत, त्यामुळे बालपण पुण्यात गेलं. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले.

बाळूंची पहिली नोकरी पारशी लोकांच्या क्रिकेट क्लबात. काम खेळपट्टी झाडण्याचं आणि पगार महिन्याला तीन रुपये. पुढे ते इंग्रजांच्या पुणे क्लबात लागले. तिथे जाळी बांधायची, रोलर फिरवायचा आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज तासन्‌तास त्यांच्या गोलंदाजीवर सराव करायचा. या सरावातूनच बाळूंची डावखुरी फिरकी घडली. बॅट मात्र त्यांच्या हाती क्वचितच कुणी दिली.

ही कीर्ती पुण्याच्या हिंदू संघापर्यंत गेली. इंग्रजांना हरवायचं तर हा गोलंदाज हवाच, हे सगळ्यांना पटत होतं. पण त्याला सोबत घ्यायचं कसं, यावर बराच खल झाला. शेवटी घेतलं. मैदानात सगळे एकाच चेंडूला हात लावत होते, पण चहाची सुट्टी झाली की बाळूंना पॅव्हेलियनच्या बाहेर मातीच्या कुल्हडात चहा मिळायचा. जेवणाचं पानही वेगळं. वाचताना इथे जरा थांबा. बळी घेतल्यावर टाळ्या वाजवणारे आणि कुल्हड बाहेर ठेवणारे लोक वेगळे नव्हते, बरं का!

१८९६ च्या सुमारास पुण्यात प्लेग आला आणि बाळू मुंबईला आले. इथे ते हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. तेव्हा आजचा मरीन ड्राइव्ह नव्हता. पोटापाण्यासाठी त्यांनी बी.बी. अँड सी.आय. रेल्वेत नोकरी केली. म्हणजेच आजची पश्चिम रेल्वे, आपल्या भाईंदरची लाइन! हे ऐकल्यावर माझ्या मुलाने वळून जाणाऱ्या लोकलकडे पाहिलं.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघ विरुद्ध युरोपियन संघ असा सामना झाला. राज्य इंग्रजांचं, खेळही त्यांचाच. हिंदू संघाने तो १०९ धावांनी जिंकला. विजयात बाळूंच्या फिरकीचा मोठा वाटा होता. हा फक्त खेळातला निकाल आहे, असं तेव्हाच्या लोकांना मुळीच वाटलं नाही.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बरेच सामने हरला, पण पस्तिशीतल्या बाळूंनी दौऱ्यात शंभरहून जास्त बळी घेतले. परतल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. तेव्हा कॉलेजात शिकणारे भीमराव आंबेडकरही त्यांचे चाहते होते.

मात्र एवढं करूनही हिंदू संघाचं कप्तानपद बाळूंना कधीच मिळालं नाही. शिवराम, विठ्ठल आणि गणपत हे त्यांचे भाऊही उत्तम खेळाडू होते. कप्तानपदावरून चाललेल्या भेदभावाच्या निषेधार्थ १९२० साली शिवराम आणि विठ्ठल संघातून बाहेर पडले. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल कप्तान झाले. थोरल्या भावाला नाकारलेला मान धाकट्याला मिळाला.

पुढचा भागही मुलांपासून लपवू नये असं मला वाटतं. १९३२ च्या पुणे करारावर बाळूंनी सही केली. १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसकडून चक्क डॉ. आंबेडकरांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले. मोठी माणसंही एकमेकांशी असहमत असू शकतात, हे मुलांना समजायला हवं. जुलै १९५५ मध्ये मुंबईत बाळूंचं निधन झालं.

आता माझ्याबद्दल थोडं. आमच्या वस्तीत मिठागरांच्या बाजूला मुलं क्रिकेट खेळतात. चेंडू चिखलात गेला की तो आणायला नेहमी एकच मुलगा धावतो. त्याला बॅटिंग कधी मिळते, हे मी कितीतरी दिवस पाहिलंच नव्हतं. त्या रविवारी घरी परतताना माझ्या मुलाने आपणहून सांगितलं, की त्याची बॅटिंग येतच नाही. मी शिक्षिका आहे, रोज तिथून जाते, पण हे माझ्या मुलाला माहीत होतं आणि मला नव्हतं.

वर्गात ही गोष्ट सांगितल्यावर मुलांशी दोन प्रश्नांवर जरूर बोला. बाळूंना बाहेर चहा दिला जात होता तेव्हा संघातल्या इतरांना काय करता आलं असतं? आपल्या खेळात असं कोण आहे, ज्याला फक्त चेंडू आणायला सांगतात? उत्तरं लिहून घ्यायची घाई करू नका. मधल्या सुट्टीत मैदानावर जाऊन उभे राहा आणि आज कोणाची बॅटिंग आली नाही ते बघा.