खेळपट्टीपासून कर्णधारपदाच्या उंबरठ्यापर्यंत : पालवणकर बाळू

भारताने पहिला अधिकृत कसोटी सामना १९३२ मध्ये लॉर्ड्सवर खेळला आणि त्यानंतर दोन वर्षांनी रणजी करंडक स्पर्धा सुरू झाली. त्यामुळे आपल्याकडे क्रिकेटचा इतिहास बहुधा सी. के. नायडू यांच्यापासून सांगितला जातो. पण त्याआधीची तीन दशके पुण्या-मुंबईच्या मैदानांवर जे क्रिकेट रंगत होते, त्याचा सर्वात मोठा गोलंदाज कोण, या प्रश्नावर त्या काळच्या जाणकारांत फारसा मतभेद नव्हता. ते नाव होते पालवणकर बाळू. डाव्या हाताने संथ फिरकी टाकणारा हा गोलंदाज जन्माने चर्मकार होता. त्याची गोलंदाजी सर्वांना हवी होती. त्याने संघाचे नेतृत्व करावे, हे मात्र पुष्कळांना रुचत नव्हते. बाळू यांच्या साऱ्या कारकिर्दीवर या विसंगतीची छाया आहे.

बाळू यांचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. घराणे मूळचे कोकणातील पालवणचे आणि आडनावही त्या गावावरूनच आलेले. वडील लष्कराच्या चाकरीत होते. त्या चाकरीमुळे कुटुंब पुण्यात आले आणि मुले लष्करी वस्तीच्या आसपास वाढली. गोरे अधिकारी टाकून देत ते जुने चेंडू आणि मोडक्या बॅटी घेऊन बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम यांनी क्रिकेटचे पहिले धडे गिरवले. घरची परिस्थिती बेताचीच होती. शाळा लवकर सुटली आणि थोरल्या मुलाने चार पैसे मिळवणे भाग पडले.

पहिली नोकरी क्रिकेटच्याच मैदानावर मिळाली, पण ती खेळाडूची नव्हती. पुण्यातील एका पारशी क्लबाचे मैदान झाडायचे आणि खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, हे त्यांचे काम. पगार महिना ३ रुपये. त्यानंतर १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात लागले. तेथे पगार ४ रुपये झाला आणि खेळपट्टी आखणे, सरावासाठी जाळ्या बांधणे ही कामे वाढली. सरावाच्या वेळी गोलंदाज कमी पडत. अशा एका वेळी कुणा गोऱ्या खेळाडूने या पोऱ्याच्या हाती चेंडू दिला. त्या पोऱ्याच्या डाव्या हातात काय आहे, हे तेव्हा क्लबाच्या ध्यानात आले.

त्या क्लबात जे. जी. ग्रेग नावाचा एक लष्करी अधिकारी होता. पुढे तो युरोपियन संघाचा आधारस्तंभ बनला. इतर सभासद येण्यापूर्वीच तो मैदानावर हजर होई आणि बाळूंना आपल्याला गोलंदाजी करायला लावी. आपल्याला बाद केल्यास दर वेळी ८ आणे द्यायचे, असा त्याने करार केला होता, असे सांगितले जाते. आठ वेळा ग्रेगला बाद केले की एका महिन्याच्या पगाराइतकी कमाई. या व्यवहारातून दोघांचाही लाभ झाला. ग्रेगचे पदलालित्य सुधारले आणि बाळूंना रोज तासन् तास एका अव्वल फलंदाजाविरुद्ध आपली कला पारखून घेता आली. चेंडूला दिलेली उंची, टप्प्यावरील हुकमत, वेगातील सूक्ष्म बदल आणि दोन्ही बाजूंना वळणारी फिरकी, ही त्यांची सारी अस्त्रे या जाळ्यांत घडली. मात्र सरावाला त्यांच्या हाती बॅट कधी दिली गेली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान आणि गोलंदाजी हे चाकराचे कष्ट, अशी तेथील रीत होती.

पुण्यातील हिंदूंच्या क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते. त्यासाठी बाळूंसारखा गोलंदाज हवा होता आणि तो तर शेजारच्या मैदानावर रोज दिसत होता. अडचण जातीची होती. अस्पृश्य समाजातील माणसाला संघात घ्यावे काय, यावर सभासदांत दोन तट पडले. अखेर जिंकण्याची इच्छा प्रबळ ठरली आणि बाळू संघात आले. पण तडजोड मैदानाच्या सीमेपर्यंतच होती. चहापानाच्या वेळी इतर खेळाडू आत बसत आणि बाळूंना बाहेर, मातीच्या पेल्यात चहा मिळे. जेवणाचे ताट वेगळे आणि बसण्याची जागाही वेगळी. त्यांनी टाकलेला चेंडू सारे हाताळत होते, त्यांच्या हाताला लागलेले भांडे मात्र कुणाला चालत नव्हते.

सातारच्या युरोपियनांविरुद्धचा सामना या काळात गाजला. बाळूंची फिरकी निष्प्रभ व्हावी म्हणून तेथील खेळपट्टीवर आठवडाभर रोलर फिरवण्यात आला होता, असे म्हणतात. तरीही बाळूंनी सात बळी मिळवले आणि पुण्याच्या संघाने सामना जिंकला. या यशानंतर पुण्यातील सार्वजनिक जीवनातील मोठ्या माणसांनाही या तरुणाची दखल घ्यावी लागली. जो खेळात आपल्या बरोबरीने चालतो तो पंगतीला का चालू नये, असा प्रश्न न्यायमूर्ती रानडे यांनी विचारल्याची आणि लोकमान्य टिळकांनी बाळूंना जाहीर सभेत हार घातल्याची हकिगत त्यांच्या चरित्रात नोंदली गेली आहे.

पुढे प्लेगने पुणे ग्रासले. एकोणिसावे शतक संपता संपता बाळू मुंबईत आले. पुण्यापेक्षा मुंबईचे वारे काहीसे मोकळे होते. गिरण्या, रेल्वे, बँका यांचे क्रिकेट संघ होते आणि चांगल्या खेळाडूला नोकरी देण्याची प्रथा रूढ होऊ लागली होती. बाळूंना बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरी मिळाली. आजच्या अर्थाने व्यावसायिक क्रिकेट तेव्हा अस्तित्वात नव्हते. तरी आपल्या खेळाच्या बळावर पोट भरणाऱ्या पहिल्या काही भारतीय क्रिकेटपटूंत त्यांची गणना करावी लागेल. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यातही त्यांच्या प्रवेशाला काही सभासदांनी हरकत घेतली होती. कर्णधाराच्या आग्रहामुळे ती मागे पडली. कालांतराने शिवरामही संघात आले.

फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू आणि युरोपियन संघांची गाठ पडली. ज्या जिमखान्याचे सभासदत्व भारतीयांना बंद होते, त्याच्याच अंगणात हा सामना झाला आणि सीमारेषेबाहेर हजारोंची गर्दी लोटली. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या. युरोपियन १९१ धावांत आटोपले. हिंदूंचा दुसरा डाव १६० धावांवर संपल्यावर युरोपियनांना विजयासाठी २१२ धावा हव्या होत्या. बाळूंच्या फिरकीपुढे त्यांचा डाव १०२ धावांत गडगडला. हिंदूंनी १०९ धावांनी विजय मिळवला. वंगभंगाविरोधी आंदोलनाने देश ढवळून निघालेला तो काळ होता. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवता येते, ही भावना त्या विजयाने मुंबईकरांच्या मनात रुजवली. समाजसुधारकांना त्यात आणखी एक अर्थ दिसला. सर्व जातींचे खेळाडू एकत्र खेळले आणि एकत्र जेवलेही, याकडे इंडियन सोशल रिफॉर्मर या नियतकालिकाने मुद्दाम लक्ष वेधले. पुण्याच्या मैदानावरील मातीच्या पेल्यापासून मुंबईच्या पंगतीपर्यंतचे हे अंतर कापण्यास साधारण दहा वर्षे लागली होती.

बाळूंच्या कारकिर्दीचा कळस १९११ मध्ये झाला. पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली पारशी, हिंदू आणि मुस्लिम खेळाडूंचा पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. संघाची कामगिरी निराशाजनक झाली. प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांपैकी १० गमावले आणि अवघे दोन जिंकले. महाराजांचे लक्ष मैदानापेक्षा राजदरबारातील समारंभांकडे अधिक होते आणि ते फार थोडे सामने खेळले. या पडझडीत बाळू एकटे उभे राहिले. खांद्याच्या दुखण्याने त्रस्त असतानाही त्यांनी दौऱ्यात एकूण ११४ बळी घेतले. त्यांपैकी ७५ प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील होते. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ आणि लिस्टरशायरविरुद्ध सामन्यात ११ बळी, ही त्यातील ठळक कामगिरी. लिस्टरशायरवरील विजय हा त्यांच्या गोलंदाजीचा, तर सॉमरसेटवरील निसटत्या विजयात शिवराम यांच्या फलंदाजीचा वाटा मोठा होता. त्या वेळी बाळूंनी वयाची पस्तिशी गाठली होती. ऐन उमेदीच्या वर्षांत अशा दौऱ्याची संधी मिळती, तर त्यांचे नाव जगातील श्रेष्ठ फिरकी गोलंदाजांत घेतले गेले असते.

ते मुंबईस परतल्यावर दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. तेव्हा महाविद्यालयात शिकत असलेल्या भीमराव आंबेडकर यांचा त्या सत्कारात सहभाग होता, असे सांगितले जाते. आपल्या समाजातील माणूस सर्व जातिधर्मांच्या लोकांच्या टाळ्या मिळवतो, हे दृश्य त्या पिढीच्या तरुणांसाठी अपूर्व होते.

यानंतरची दहा वर्षे मात्र एका प्रश्नाभोवती फिरत राहिली. मुंबईतील तिरंगी स्पर्धा १९१२ मध्ये मुस्लिम संघाच्या प्रवेशाने चौरंगी झाली. हिंदू संघात बाळू आणि शिवराम यांच्या जोडीला गणपत आणि विठ्ठल हे धाकटे भाऊही आले. अनुभव, कामगिरी, खेळाची जाण, कोणत्याही निकषावर बाळू हेच संघाचे स्वाभाविक कर्णधार ठरत होते. तरीही वर्षामागून वर्षे ते पद उच्चवर्णीय खेळाडूंकडेच जात राहिले. गंमत अशी की ज्यांना हे पद मिळाले त्यांनाही ही गोष्ट खटकत होती. १९१३ मध्ये कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी आपल्या सत्कारातच हा मान खरे तर बाळूंचा होता, असे मोकळेपणाने मान्य केले.

असंतोषाचा स्फोट १९२० मध्ये झाला. पै आजारी पडल्याने नेतृत्व दि. ब. देवधर यांच्याकडे सोपवण्यात आले. देवधर गुणी खेळाडू होते, यात शंका नाही, परंतु पालवणकर बंधूंची ज्येष्ठता पुन्हा डावलली गेली होती आणि बाळूंना तर संघातूनच वगळण्यात आले होते. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले आणि हा अपमान जातीमुळे होत असल्याचे वृत्तपत्रातून जाहीरपणे सांगितले. तोवर निमूटपणे सोसलेली गोष्ट प्रथमच उघड्यावर आली. महात्मा गांधींनी अस्पृश्यतानिवारणाचा विषय काँग्रेसच्या व्यासपीठावर आणलेला तो काळ. लोकमत भावंडांच्या बाजूने वळले आणि निवड समितीला नमते घ्यावे लागले. पै पुन्हा कर्णधार झाले, बाळू उपकर्णधार झाले आणि पै यांनी काही काळ मैदान सोडून संघाची सूत्रे बाळूंच्या हाती दिली, असे सांगितले जाते. पंचेचाळिशीच्या घरातील बाळूंच्या वाट्याला आलेले नेतृत्व एवढेच.

पुढे १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने त्याच वर्षी युरोपियनांना हरवून चौरंगी जिंकली. सामन्यानंतर उच्चवर्णीय सहकाऱ्यांनी त्यांना खांद्यावर उचलून घेतले. थोरल्या भावाला जे मिळाले नाही ते धाकट्याला मिळाले, पण त्यासाठी थोरल्याची सारी उमर खर्ची पडली होती. विठ्ठल यांनी पुढे माझे क्रीडा-जीवन हे आत्मचरित्र लिहिले. या कुटुंबाच्या वाटचालीची ती महत्त्वाची नोंद आहे.

खेळातून निवृत्त झालेल्या बाळूंना राजकारणाने ओढून घेतले. डॉ. आंबेडकर यांना त्यांच्याविषयी आदर होता, परंतु दोघांचे मार्ग वेगळे झाले. १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर बाळूंनी संयुक्त मतदारसंघांचा पक्ष घेतला. गांधीजींच्या उपोषणाच्या त्या तणावपूर्ण दिवसांत एम. सी. राजा यांच्याबरोबर त्यांनी तडजोडीसाठी प्रयत्न केले आणि पुणे करारावर त्यांचीही स्वाक्षरी झाली. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत खुद्द आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५, तर बाळूंना ११,२२५ मते मिळाली. अस्पृश्यता नाहीशी करण्याचे दोन मार्ग त्या निवडणुकीत समोरासमोर उभे ठाकले होते. हिंदू समाजाच्या आत राहून, आपल्या कर्तृत्वाने त्याचे मन वळवता येते, हा बाळूंचा आयुष्यभराचा अनुभव होता. ते मन किती सावकाश वळते, हेही त्याच आयुष्याने दाखवले होते. बाळूंनी त्यातील पहिल्या भागावर भरवसा ठेवला आणि आंबेडकरांनी दुसऱ्या भागाकडे बोट दाखवले.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळू यांचे निधन झाले. अस्पृश्यता घटनेने रद्द केल्यास तेव्हा पाच वर्षे झाली होती. ज्या धर्मनिहाय स्पर्धेत त्यांनी नाव कमावले ती १९४६ मध्येच बंद पडली होती आणि तिच्याबरोबर तिच्या नायकांच्या आठवणीही पुसट होत गेल्या. रामचंद्र गुहा यांच्या भारतीय क्रिकेटविषयक ग्रंथामुळे २००२ नंतर बाळूंचे नाव नव्या वाचकांपर्यंत पोहोचले.

आकडेवारीच्या पुस्तकात त्यांच्या नावावर ३३ प्रथम श्रेणी सामने आणि साधारण १५ धावांच्या सरासरीने १७९ बळी आहेत. डावात पाच किंवा अधिक बळी त्यांनी १७ वेळा घेतले. त्या काळी प्रथम श्रेणीचे सामने किती कमी होत, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचे मोल कळते. पण पूना क्लबाच्या जाळ्यांत दिवसेंदिवस टाकलेल्या चेंडूंची मोजदाद कुठेच नाही. पाहुण्यांसारखे बाहेर बसून प्यायलेल्या चहाचीही नाही आणि न मिळालेल्या कर्णधारपदाच्या दहा वर्षांचीही नाही. खेळाच्या मैदानावर सारे समान असतात, असे आपण सहज म्हणतो. ज्या खेळपट्टीवर आपणच रोलर फिरवला, तिच्यावर कर्णधार म्हणून नाणेफेकीला जाण्याची वाट बाळूंनी जन्मभर पाहिली. ते वाक्य उच्चारताना त्यांची ही प्रतीक्षा आठवावी, एवढे तरी ऋण आपल्यावर आहे.